नभोनाट्ये आणि भावगीते यांना ठरलेली वेळ द्यावी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दर वर्षी १३ फेब्रुवारीला जागतिक रेडिओ दिन येतो आणि त्याच्या आगेमागे मराठी वर्तमानपत्रांतून जुन्या रेडिओवर काही लेख हमखास प्रसिद्ध होतात. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियल, पोस्टात जाऊन भरायचे लायसन्सचे पैसे, सेट तापेपर्यंतची प्रतीक्षा, अशा तपशिलांनी ते भरलेले असतात आणि त्यांतला जिव्हाळा खराच असतो. मात्र बहुतेक लेखांचा समारोप एकाच सुरात होतो की ते दिवस गेले, ती माणसे गेली आणि आता उरल्या आहेत त्या आठवणी. हा सूर मला मान्य नाही. जुनी नभोनाट्ये म्हणजे रेडिओसाठी लिहिलेली नाटके, श्रुतिका म्हणजे रेडिओवरच्या छोट्या नाटिका, भावगीते आणि चित्रगीते आजही आवडीने ऐकली जातात याचे कारण श्रोत्याला आपले बालपण आठवते एवढेच असते, तर ज्यांच्या बालपणी घरात रेडिओ नव्हताच अशी मुले ती ऐकायला थांबली नसती. ती थांबतात, हे मी स्वतः पाहिलेले आहे. तेव्हा कारण श्रोत्याच्या वयात न शोधता त्या रचनांच्या घडणीत शोधले पाहिजे, आणि ते सापडले तर या ठेव्याचे पुढे काय करायचे याचाही निर्णय वेगळा होईल, असे मला वाटते.

सर्वांना ठाऊक असलेल्या उदाहरणापासून सुरुवात करतो. पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्याला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, तेथून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. कल्पना केंद्राचे अधिकारी सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकर यांचे आणि संगीत सुधीर फडके यांचे. दर आठवड्याला एक नवे गीत, असे वर्षभर करायचे ठरले होते; त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे पुढच्या रामनवमीपर्यंत, म्हणजे १९ एप्रिल १९५६ पर्यंत, गीतांची संख्या ५६ झाली. भूप रागाने सुरू झालेली ही मालिका भैरवीने संपली. आठवडाभरात कविता लिहून व्हायची, तिला चाल लागायची, वाद्यमेळ ठरायचा, गायक-गायिकांच्या तालमी व्हायच्या आणि गीत वेळेवर प्रसारित व्हायचे. या क्रमात एकाही आठवड्याची सवलत नव्हती. इतक्या घाईत केलेले काम सहसा पुढच्या महिन्यापर्यंतही टिकत नाही. हे मात्र सत्तर वर्षे टिकले.

ते का टिकले याची चर्चा करताना आपण माडगूळकरांची प्रतिभा आणि फडक्यांची चाल यांच्यापाशी थांबतो. ते योग्यच आहे. पण आणखी एक गोष्ट आहे आणि ती रेडिओने दिलेली आहे. गीतरामायणातले जवळजवळ प्रत्येक गीत म्हणजे कोणीतरी, कोणाला तरी, एका विशिष्ट क्षणी उद्देशून बोललेले शब्द आहेत. कौसल्या बोलते, लक्ष्मण बोलतो, सीता बोलते, आणि ज्याच्याशी बोलणे चालले आहे ती व्यक्ती समोर उभी आहे असे ऐकणाऱ्याला सतत जाणवते. म्हणजे ही गीते मुळात नाट्यप्रवेश आहेत. म्हणूनच मूळ प्रसारणात ती अनेक आवाजांत होती. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, गजानन वाटवे, बबनराव नावडीकर, राम फाटक, योगिनी जोगळेकर अशा कितीतरी गळ्यांनी ती पात्रे उभी केली. पुढे सुधीर फडके यांनी ही सर्व गीते एकट्याने गाऊन गावोगावी जे कार्यक्रम केले ते इतके लोकप्रिय झाले, आणि तबकड्या व कॅसेटही त्यांच्याच आवाजात घरोघरी गेल्या, की अनेकांना हा मूळचा अनेक आवाजांचा रेडिओ-कार्यक्रम होता हेच माहीत नसते. फडक्यांच्या गायनाविषयीचा माझा आदर तसूभरही कमी न करता मी म्हणेन की मूळ ध्वनिमुद्रण ऐकताना जे नाट्य अंगावर येते, त्याची बरोबरी एकट्या आवाजाला करता येत नाही.

आता श्रुतिकांकडे वळतो. मुंबई केंद्रावरील ‘पुन्हा प्रपंच’ ही मालिका आठवणारे श्रोते आजही महाराष्ट्रात आणि बाहेरही मोठ्या संख्येने आहेत. नीलम प्रभू यांच्या मीनावहिनी, प्रभाकर जोशी यांचे टेकाडे भावोजी आणि बाळ कुडतरकर यांचे पंत ही माणसे लोकांना शेजारच्या बिऱ्हाडातली वाटत. विषय रोजच्या संसारातले. भव्य काही नाही, खलनायक नाही, रडारड नाही. मग लोक कामे बाजूला ठेवून ऐकत ते काय? माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे आवाजांची निवड. तीन आवाजांची जात वेगळी, वेग वेगळा, वाक्य टाकण्याची ढब वेगळी. त्यामुळे कोण बोलते आहे हे कळावे म्हणून पात्रांना एकमेकांची नावे घ्यावी लागत नसत. आजच्या अनेक ध्वनी-मालिकांत दर दोन वाक्यांना समोरच्याचे नाव घेतलेले ऐकू येते, कारण आवाज निवडतानाच हा विचार झालेला नसतो. दुसरी गोष्ट म्हणजे संवादाची भाषा. ती बोलीच्या जवळ असूनही गबाळी नसे. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटून पाहता येत नाही, तेव्हा प्रत्येक वाक्य पहिल्याच ऐकण्यात पूर्ण समजले पाहिजे, ही जाणीव लेखकाला सतत ठेवावी लागे.

नभोनाट्याची कला किती बारकाव्यांची आहे याची कल्पना अलीकडच्या वाचकांना यावी म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. नाटकाच्या स्टुडिओत एका चौकटीत बसवलेले खरे दार असे, त्याला कडी, कोयंडा आणि घंटी. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या वापरत, ढगांच्या गडगडाटासाठी पत्रा हलवत. पात्र निघून जाते आहे हे दाखवण्यासाठी नट तोंड वळवून मायक्रोफोनपासून एकेक पाऊल मागे सरके. मनातले बोलणे असेल तर तोच नट मायक्रोफोनच्या अगदी जवळ येऊन, आवाज चढू न देता बोले. संहितेची पाने सुटी ठेवत आणि वाचून झालेले पान आवाज न करता बाजूला करण्याचीही सवय लागलेली असे.

या साध्या साधनांनी काय साधता येते याचे उदाहरण म्हणून एक प्रसंग घ्यावा. नोकरी गेलेला मुलगा संध्याकाळी घरी परततो. रंगभूमीवर त्याचा चेहरा दिसेल, चित्रपटात त्याच्या डोळ्यांजवळ कॅमेरा जाईल. रेडिओवर लाकडी जिन्यावरची पावले ऐकू येतात. ती नेहमीपेक्षा सावकाश पडतात आणि दाराशी येऊन थांबतात. दार वाजवले जात नाही. आत भांड्यांचा आवाज चालू आहे, तो बंद होतो आणि मग आतूनच कडी निघते. एक शब्दही उच्चारला गेलेला नाही, पण आईला कळले आहे आणि तिला कळले हे आपल्यालाही कळले आहे. जिना किती अंधारा, मुलाच्या हातात पिशवी आहे की नाही, आईने पदराला हात पुसले की नाही, हे सारे ऐकणाऱ्याने आपापले भरून घ्यायचे. श्रोत्याला असे काम दिले की तो त्या कलाकृतीचा भागीदार होतो, आणि ज्यात आपला हात लागला आहे ती गोष्ट माणूस सहसा विसरत नाही.

आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा श्रवणाची बैठक भरवतो. एकदा तेथे महाविद्यालयातली काही मुले-मुली आली होती. त्यांना एक जुने, तासाभराचे नभोनाट्य ऐकवले आणि नंतर मी सहज विचारले की नाटकातले घर कसे होते. एकीने चौसोपी वाडा सांगितला, एकाने गिरणगावातली चाळ, आणि एक मुलगी म्हणाली की घर तिच्या कोकणातल्या आजोळासारखे आहे आणि जिना उजव्या हाताला आहे. संहितेत यातले काहीही नव्हते. त्यांच्यात जिन्याच्या बाजूवरून मनापासून वाद झाला आणि तो बैठक संपल्यावर पायऱ्यांवरही चालू होता. त्या मुलांना कोणतीही आठवण चाळवायची नव्हती. त्यांना कला भेटली होती.

गाण्यांच्या बाबतीतही मर्यादेनेच घडण केली, हे विसरता येत नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. मग ध्रुवपद आणि दोन-तीन कडवी, इतक्यातच कवीला आपले सांगणे पुरे करावे लागे. संगीतकाराला सुरुवातीच्या काही सेकंदांच्या वाद्यमेळात भाव उभा करावा लागे. आणि गायकाला आलाप-तानांचा मोह आवरून शब्दाशी प्रामाणिक राहावे लागे. १९३० च्या दशकात गजानन वाटवे, जी. एन. जोशी आदींच्या काळात रुजलेले भावगीत या शिस्तीत वाढले आणि पुढे आकाशवाणीच्या सुगम संगीत विभागांनी त्याला नियमित व्यासपीठ दिले. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे, यशवंत देव, अरुण दाते ही नावे आपण एका दमात घेतो, त्यामागे मुंबई केंद्राच्या भावगीतांच्या कार्यक्रमांचा मोठा वाटा आहे. देव आणि पाडगावकर तर आकाशवाणीच्या सेवेतही होते. त्या काळी पु. ल. देशपांडे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारखे लेखकही आकाशवाणीत कामाला होते. पहिल्या प्रतीच्या माणसांना पगार, स्टुडिओ आणि तालमीला वेळ मिळाला, आणि मग जे निर्माण झाले ते टिकले. यात चमत्कार काही नाही. आजही तसे केले तर तसेच होईल.

लोकप्रिय संगीताच्या इतिहासातला एक प्रसंग येथे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याचा संबंध एका मराठी माणसाशी आहे. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खात्याचे केंद्रीय मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती आणि चित्रपटगीते उथळ आहेत असे त्यांचे मत होते. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावले. १९५२ च्या डिसेंबरमध्ये तेथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी यांच्या निवेदनाची ध्वनिमुद्रणे मुंबईत होत आणि टेपा कोलंबोला पाठवल्या जात. मुंबईतल्या गाण्यांची, मुंबईतच मुद्रित झालेली ओळख ऐकायला मुंबईच्या श्रोत्याला श्रीलंकेचे केंद्र लावावे लागावे, हे त्या धोरणाचे अपयश होते असे मला स्पष्ट वाटते. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. मात्र केसकरांवर टीका करताना हेही नोंदवले पाहिजे की चित्रपटगीतांना पर्याय म्हणून त्याच काळात आकाशवाणीने सुगम संगीताची जी व्यवस्था उभी केली, तिचे सर्वांत मोठे पीक मराठी भावगीताच्या रूपाने आपल्याच पदरात पडले. चूक धोरणाने कधी कधी असे बरे फळ दिले तर ते नाकारण्यात अर्थ नसतो.

सयानी यांचे निधन २० फेब्रुवारी २०२४ रोजी झाले तेव्हा तरुण पत्रकारांनीही त्यांच्यावर भरभरून लिहिले. त्यांच्या निवेदनातून श्रोत्याला गाण्याबरोबर एक सोबत मिळत असे. हे गाणे कोणी लिहिले, कोणी स्वरबद्ध केले, मागच्या आठवड्यात ते कोठे होते, हे सांगणारा एक माणूस त्या आवाजापलीकडे होता. आज मोबाइलवर हवे ते गाणे हव्या त्या क्षणी मिळते आणि ही सोय मोठीच आहे. परंतु पडद्यावर बहुधा गायकाचे आणि चित्रपटाचे नाव दिसते, आणि कवी, संगीतकार, वादक यांची नावे शोधावी लागतात. गीतरामायणात व्हायोलिन वाजवणारे प्रभाकर जोग पुढे स्वतः नामवंत संगीतकार झाले, ही गोष्ट गाणे वारंवार ऐकणाऱ्यालाही ठाऊक नसते, कारण त्याला ती कोणी सांगत नाही.

या सर्वांवरून मला जे सुचवायचे आहे ते येथे नमूद करतो. आकाशवाणीच्या मराठी केंद्रांनी जुनी नभोनाट्ये, श्रुतिका आणि भावगीते केवळ कोणाची जयंती, पुण्यतिथी किंवा रेडिओ दिन आला म्हणून न लावता, वर्षभर, आठवड्यातील ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी लावावीत, आणि ती वेळ क्रिकेटच्या समालोचनासाठी वा अन्य कारणासाठी सहसा बदलू नये. विविध भारतीचे ‘हवामहल’ हे छोट्या नाटिकांचे सदर इतकी वर्षे ऐकले जाते ते श्रोत्याला त्याची वेळ पाठ असते म्हणून. प्रत्येक प्रसारणाच्या आधी आणि नंतर लेखक, दिग्दर्शक, सर्व कलावंत, वादक आणि शक्य तेथे ध्वनिमुद्रण करणारे तंत्रज्ञ यांची नावे व प्रथम प्रसारणाचे वर्ष सांगावे. याला एक मिनिटही लागत नाही.

त्याहून निकडीचा प्रश्न जतनाचा आहे. चुंबकीय टेप जुनी झाली की तिच्यावरचा थर सुटू लागतो, आणि पूर्वी टेप महाग असल्यामुळे मुद्रण पुसून तीच टेप पुन्हा वापरण्याची पद्धत सर्वत्र होती. तेव्हा जे उरले आहे ते किती आणि कोठे आहे, याची केंद्रवार सूची सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध व्हावी. निवडक ध्वनिमुद्रणे आकाशवाणीने पूर्वी विक्रीला काढली आहेत आणि त्याबद्दल श्रोते कृतज्ञ आहेत. पण सूची हाती असेल तर अभ्यासकांना नेमके काय मागायचे ते कळेल, आणि ज्या श्रोत्यांनी त्या काळी घरच्या टेपरेकॉर्डरवर प्रसारणे टिपून ठेवली आहेत त्यांनाही आपल्याकडची कोणती टेप दुर्मीळ आहे हे समजेल. आमच्या बैठकीला येणाऱ्या एका आजींकडे अशा टेपांचे खोके आहे. ते कोणाला द्यावे हे त्यांना सांगणारे कोणी नाही. प्रत्येक केंद्राने अशा टेपा स्वीकारण्याची, त्यांची संगणकीय प्रत करून मूळ टेप परत देण्याची व्यवस्था केली तर एका वर्षात बरेच काही हाती लागेल.

हक्कांची अडचण सांगितली जाईल, याची मला कल्पना आहे. आपल्या कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो, तर कवी व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. त्यामुळे तबकडी खुली झाली तरी शब्द आणि चाल यांसाठी वारसांची परवानगी आणि योग्य मानधन आवश्यक राहील. ते द्यावेच. पण त्यासाठी वारसांशी एकदा बसून सर्व रचनांचा एकत्रित करार करता येतो. दर प्रसारणाला नव्याने पत्रव्यवहार करण्याची गरज नाही. आकाशवाणीची मराठी केंद्रे आता ‘न्यूजऑनएअर’ या ॲपवरून जगभर ऐकता येतात, आणि परदेशातील मराठी कुटुंबे ती ऐकतात. त्यांच्या मुलांच्या कानावर चांगले मराठी पडण्याचा याहून सुलभ मार्ग मला दिसत नाही.

गीतरामायणाच्या मूळ ध्वनिमुद्रणासाठी माझी एक स्वतंत्र सूचना आहे. येत्या रामनवमीपासून पुणे केंद्राने ते मूळच्याच रीतीने, आठवड्याला एकच गीत, त्या त्या गायकाचे नाव आणि त्या पात्राचा प्रसंग सांगून प्रसारित करावे. ५६ गीते सलग ऐकून संपवणे आज कोणालाही शक्य आहे. पुढच्या गीतासाठी आठवडाभर थांबणे हा त्या रचनेचाच भाग होता आणि तो नव्या श्रोत्यांनाही मिळाला पाहिजे.

जुन्याबरोबर नवे हवेच. मराठीत एकांकिका स्पर्धांमधून दर वर्षी उत्तम लेखक आणि नट पुढे येतात. त्यांतल्या काहींना केंद्रांनी नभोनाट्य लिहिण्यासाठी बोलवावे, जुन्या जाणत्या निर्मात्यांकडून त्यांना कानासाठी लिहिण्याचे प्रशिक्षण द्यावे, मायक्रोफोनसमोर पुरेशा तालमी होऊ द्याव्यात आणि मानधन वेळेवर द्यावे. लेखकाला बसप्रवासाचाही खर्च भागणार नाही अशा रकमेत तासाभराचे नाटक मागू नये. वर्षाला अशी बारा नवी नभोनाट्ये पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि पणजी या केंद्रांनी मिळून वाटून घेतली, तर एकेका केंद्राच्या वाट्याला दोन किंवा तीनच येतात, आणि त्यांच्यासाठी लागणारे स्टुडिओ या केंद्रांत आधीपासून उभे आहेत.

आपला नम्र,
एक नियमित श्रोता,
जि. सातारा